सुरगाण्याची चूल, नाशिकचा मीटर

घरात ऊर्जा लागते ती मोजक्या कामांना: अन्न शिजवायला, पाणी तापवायला, उजेडाला, वाऱ्याला, पाणी वर चढवायला आणि घराबाहेर जाण्यायेण्याला. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामामागे कुठे तरी काही तरी जळते आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चूल, गॅसची शेगडी किंवा स्कूटर असेल तर तो घरात किंवा दारातच निघतो. पंखा, फ्रिज, गिझर यांचा धूर घरात दिसत नाही. तो कोळसा जाळणाऱ्या वीज केंद्राच्या धुराड्यातून निघतो, पण त्याचे कारण घरातले बटण असते. आणखी एक हिस्सा घराच्या भिंतींत आणि स्लॅबमध्ये आधीच जमा असतो: सिमेंट भाजताना, लोखंड वितळवताना निघालेला. घराचा कार्बन मोजायचा तर हे तिन्ही हिस्से हिशेबात धरावे लागतात.

नाशिक जिल्ह्यात या हिशेबाची दोन्ही टोके एकाच रस्त्यावर सापडतात. नाशिक शहरातून दिंडोरी, वणी करत उत्तरेला निघाले की सुमारे नव्वद किलोमीटरवर सुरगाणा येते. गुजरातच्या डांग आणि वलसाड जिल्ह्यांना लागून असलेला हा डोंगराळ तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि तीत आदिवासी नव्वद टक्क्यांहून जास्त. कोकणा, वारली, महादेव कोळी या इथल्या मुख्य जमाती. तालुक्याचे गाव नगरपंचायतीचे आहे, म्हणजे कागदोपत्री शहरच. तिथे मोबाइलची दुकाने आहेत, गॅसची गाडी येते, बऱ्याच घरांत फ्रिजही आहे. गावाबाहेर पडून पाड्यांकडे वळले की मात्र ऊर्जा म्हणजे सरपण.

सरपणाचे वर्ष पावसाळ्याच्या आधी सुरू होते. जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या तालुक्यांत सुरगाण्याची गणना होते. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड वाळत नाही. त्यामुळे होळीनंतर शेतात काम नसते त्या दिवसांत बायका जंगलातून मोळ्या आणतात आणि पडवीत, ओट्याच्या कडेला, चुलीवरच्या माळ्यावर रचून ठेवतात. तोडून वाळवलेल्या फांद्या, आंब्याच्या ढाप्या, बांबूचे तुकडे, शेतातल्या तुरीच्या काट्या, जे मिळेल ते. चूल मातीची, बहुधा दोन तोंडांची: पुढच्या तोंडावर नागलीची किंवा तांदळाची भाकरी, मागच्या वैलावर डाळ किंवा पाण्याचे भांडे. भाकरीला मोठा जाळ लागतो, डाळीला निखारा पुरतो, आणि फुंकणी हाताशी असलेली बाई लाकूड पुढे-मागे सरकवून दोन्ही सांभाळते. धूर छपरातून वाट काढतो. वाटेत तो माळ्यावर टांगलेली मक्याची कणसे आणि बियाणे किडीपासून राखतो, कारवीच्या कुडाला आणि छपराच्या बांबूला वाळवी लागू देत नाही. चुलीचा धूर घालवण्याच्या योजना आखणाऱ्यांनी हे काम सहसा मोजलेले नसते.

पण तोच धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जातो. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत दोन लाखांहून जास्त पाच वर्षांखालची मुले होती.

आता चुलीचा कार्बन. एका घरात दिवसाला पाच किलो लाकूड जळते असे धरले तर वर्षाला ते एक हजार आठशे किलोच्या वर जाते. एक किलो कोरडे लाकूड जळाले की सुमारे पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला तीन टनांच्या वर. आकडा मोठा दिसतो आणि इथेच हिशेब चुकतो. लाकडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. तोडलेल्या फांदीच्या जागी नवी फांदी फुटली तर तो पुन्हा झाडात परत येतो. म्हणून देशांच्या उत्सर्जनाच्या हिशेबात सरपणाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या खात्यात लिहिला जात नाही. जंगल घटले तर तो जमिनीच्या खात्यात येतो. सुरगाण्याच्या बाईने वाळलेल्या फांद्यांची मोळी आणली तर त्या धुराने हवेतला कार्बन फारसा वाढत नाही. डोंगर उघडे पडत गेले आणि झाड पुन्हा उभे राहिलेच नाही तर वाढतो. खरा प्रश्न जंगल किती वेगाने सावरते याचा आहे, आणि त्याचा संबंध त्या जंगलावर गावाचा हक्क किती आहे याच्याशी जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची तरतूद केली. या कायद्याची नीट अंमलबजावणी व्हावी, ही मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांची एक मुख्य मागणी होती. त्या मोर्चात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती.

चुलीचे दुसरे देणे मात्र खरे आहे. लाकूड पुरते जळत नाही तेव्हा मिथेन आणि काजळी निघते. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. काजळी हवेत काही दिवसच टिकते, पण तेवढ्यातही ऊन शोषून हवा तापवते. पुरते न जळण्याचे कारण चुलीची रचना. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्याला मिळते, बाकी भिंतीला, छपराला आणि माणसाच्या अंगाला लागते. गॅसच्या शेगडीत हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या वर असते.

म्हणून पाच किलो लाकडाचे काम तीनशे ग्रॅम गॅसवर होते. वर्षभराचा पूर्ण स्वयंपाक गॅसवर करायचा तर १४.२ किलोचे साधारण आठ सिलिंडर लागतात. एक सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आठांचा ३३६ किलो. हा जमिनीखालून काढलेला, परत न जाणारा कार्बन आहे, पण त्याबदल्यात काजळी नाही, मिथेन नाही, मोळी नाही.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त घरांत गॅसची जोडणी पोचली. सुरगाण्याच्या पाड्यांवरही शेगड्या आल्या. मात्र जोडणी मिळणे आणि सिलिंडर भरत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उज्ज्वलाच्या घरांत देशभरात सरासरीने २०१९-२० साली वर्षाला तीनच्या आसपास सिलिंडर भरले गेले. पुढे सबसिडी वाढली तसे ते चार-साडेचारपर्यंत गेले. आठांच्या गरजेपुढे हे निम्मे. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, त्याने आधार झाला. तरी ज्या घरात हातात रोकड दिवाळीनंतरच्या मजुरीचीच येते, तिथे सिलिंडर जपून वापरला जातो: पाहुण्याच्या चहाला, आजाऱ्याच्या पेजेला, पावसात लाकूड ओले झाले त्या दिवशी. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच राहते. गॅस आला म्हणजे चूल गेली असे समजून आखलेल्या योजनांची गणिते इथे चुकतात.

याआधीचा मोठा प्रयत्न चूलच सुधारण्याचा होता. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. धुराडे असलेल्या लाखो चुली देशभर बसल्या आणि त्यांतल्या बऱ्याच दोन-तीन वर्षांत मोडल्या. धुराडे साफ करायला कोणी नव्हते, तोंडाच्या मापाची लाकडे तोडत बसायला वेळ नव्हता, भाकरीचा तवा नीट बसत नव्हता. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटाचा कोळसा आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस यंत्र बनवले. खरकट्याचे यंत्र शहरातल्या घराला जास्त सोयीचे. शेणाच्या बायोगॅसला चार-पाच जनावरांचे शेण एका जागी आणि रोज तेवढेच पाणी लागते. सुरगाण्यात जनावरे रानात चरतात आणि उन्हाळ्यात पिण्याचेच पाणी डोंगर उतरून आणावे लागते. इतका पाऊस पडूनही पाणी उतारावरून पार, नार या नद्यांत वाहून जाते, आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. ही डोक्यावरची ओझी कुठल्याही ऊर्जेच्या आकडेवारीत येत नाहीत. शहरात हेच काम करणाऱ्या पंपाचे युनिट मोजले जातात.

वीज इथे सर्वांत उशिरा पोचली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेत देशभर राहिलेल्या घरांना जोडण्या दिल्या गेल्या. तार आली तरी ती डोंगरातून लांबवर ओढलेली असते. वादळात झाड पडले की किंवा डीपी जळाली की पाड्यावर दिवसेंदिवस लाइट नसते, आणि असते तेव्हाही दाब कमी असल्याने बल्ब पिवळा पेटतो. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातेत घाला’ अशी मागणी केली तेव्हा रस्ते, पाणी आणि दवाखान्याबरोबर विजेचीही तक्रार त्यांच्या यादीत होती. पलीकडच्या गावातले दिवे त्यांना रोज दिसत होते.

अशा घराचा विजेचा वापर मांडायला वेळ लागत नाही. नऊ वॉटचे तीन एलईडी बल्ब संध्याकाळी पाच तास, एक पंखा आठ तास, टीव्ही तीन तास, दोन मोबाइल: दिवसाला एक युनिटही होत नाही. महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस युनिट, वर्षाला सव्वातीनशे.

युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. हे युनिट कुठून येते ते पाहायला नाशिककराला लांब जावे लागत नाही. नाशिकरोडजवळ एकलहरे येथे महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. जुने दोन संच बंद झाले आणि १९७९ ते १९८१ या काळातले २१० मेगावॉटचे तीन, मिळून ६३० मेगावॉटचे संच राहिले. रेल्वेने कोळसा येतो, भट्टीत जळतो, वाफेवर जनित्र फिरते. कोळशावरच्या एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पण तारेतून येणारी वीज एकट्या कोळशाची नसते. तीत कोयनेचे पाणी असते, धुळे-साताऱ्याकडचा वारा असतो, ऊन असते, तारापूरची अणुवीज असते. सगळे मिळून देशाच्या जाळ्यातले एक युनिट सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडचे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अलीकडच्या वर्षांतले आकडे सांगतात. तारांमधली गळती धरली तर घरातल्या मीटरवरचे युनिट याहून थोडे जडच पडते.

या ०.७ चा उपयोग कोणालाही करता येतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करून ०.७ ने गुणले की घराच्या विजेचा वर्षाचा कार्बन किलोत मिळतो. सुरगाण्याच्या त्या घराचा तो सव्वादोनशे किलोच्या आसपास येतो. पाच माणसांत वाटला तर माणशी पंचेचाळीस किलो.

नाशिकच्या गंगापूर रोडवरचे किंवा इंदिरानगरातले चौघांचे घर घ्यावे. महिन्याला दोनशे युनिट हा मध्यमवर्गीय फ्लॅटला जास्त म्हणता येणार नाही असा वापर. वर्षाचे दोन हजार चारशे युनिट, म्हणजे सतराशे किलो. गॅसचे आठ सिलिंडर धरले तर आणखी तीनशे छत्तीस. एक लिटर पेट्रोल जळाले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. घरात एक स्कूटर महिन्याला पंधरा लिटर आणि एक कार चाळीस लिटर पीत असेल तर वर्षाचे दीड टन. एकूण साडेतीन टन होतात, आणि यात विमानाचा प्रवास, खरेदी, बांधकाम काहीच नाही. इमारतीची लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि टाकीत पाणी चढवणारा पंप यांचे बिल सोसायटीच्या नावाने येते, त्यामुळे ते कोणाच्याच हिशेबात नसते. पैसे मात्र मेंटेनन्समधून प्रत्येक जण भरत असतो.

दोनशे युनिट कुठे जातात याचा तपशील पाहण्यासारखा आहे, कारण घरात ज्या गोष्टींवरून भांडण होते त्या सहसा मोठ्या खर्चाच्या नसतात. बाथरूमचा दिवा रात्रभर राहिला तर नऊ वॉटच्या बल्बने दहा तासांत एका युनिटचा दहावा हिस्साही जाळलेला नसतो. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि कोट्यवधी एलईडी स्वस्तात घरोघर गेले. तेव्हापासून उजेड हा घराच्या विजेतला किरकोळ भाग झाला आहे. मोठा भाग पाण्याचा. वीस लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे ०.५८ युनिट लागते. चार बादल्यांना रोज सव्वादोन युनिट, महिन्याला सत्तर. नाशिकची थंडी कडक. शेजारच्या निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्या दिवसांत नळाचे पाणीच गार येते आणि याहून जास्त लागते. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर वीज करायची, ती तारांतून आणायची आणि शेवटी तिने पाणीच तापवायचे, यात उष्णतेचा मोठा भाग वाटेत वाया जातो. छपरावरचा सौर बंब हेच काम उन्हाने करतो. नाशिकमध्ये वर्षातले आठ-नऊ महिने स्वच्छ ऊन असते. या शहरात सौर बंब नसलेली इमारत ही खरी तर आश्चर्याची गोष्ट मानायला हवी.

दुसरा मोठा भाग पंख्यांचा, कारण ते संख्येने जास्त असतात आणि तासन्‌तास चालतात. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास पुरतात. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे एकशे साठ युनिट वाचतात, म्हणजे एकशे दहा किलो कार्बन. २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले आहे. फ्रिज आणि एसीप्रमाणे पंखाही आता तारे मोजून घेता येतो.

एसी हा नाशिकच्या घरात अलीकडे आलेला पाहुणा. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती दगड-मातीच्या, जाड. मधला चौक वारा खेळवायचा आणि माळवदाखाली दुपारही सुसह्य जायची. आता घरे पातळ भिंतींची आणि उघड्या स्लॅबची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून वरच्या मजल्यावरचा एसी बाहेर गार झाल्यावरही चालूच असतो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सात-आठ युनिट जातात. सुरगाण्याच्या घराला तेवढी वीज आठवडाभर पुरते. तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो, आणि २०२० पासून नवे एसी सुरुवातीला चोवीस अंशांवरच सुरू होतात. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पडदा किंवा वेल सोडला, तर एसीच्या आधीच अर्धे काम होते.

एसीतला दुसरा कार्बन बिलावर येत नाही. त्यात भरलेला शीतक वायू गळला तर तो हवेत फार मोठी उष्णता धरतो. जुन्या आर-२२ चा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या अठराशे किलोंइतका, हल्लीच्या आर-३२ चा पावणेसातशे किलोंइतका. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, गळती कुठे आहे ते न शोधता ‘गॅस भरून’ जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो. असा एक किलो आर-३२ म्हणजे जवळपास हजार युनिट वीज वापरण्याइतका कार्बन. आधी गळती शोधून बुजवा, मग वायू भरा, एवढा आग्रह धरला तरी मोठे काम होते.

गॅस सोडून इंडक्शन घ्यावे का, हा हल्ली वारंवार येणारा प्रश्न. हवा घरात स्वच्छ राहते हे खरे. कार्बनचे उत्तर मात्र आजच्या विजेवर अवलंबून आहे. एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर करायला सुमारे १४० युनिट लागतात. जाळ्यातल्या विजेवर ते ९८ किलो पडतात, सिलिंडरचे ४२. आज तरी महाराष्ट्रातल्या साध्या जोडणीवर इंडक्शन दुपटीहून जास्त कार्बन सोडते. गच्चीवर स्वतःचे सौर पॅनल असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल तर हाच हिशेब उलटा होतो. नाशिकमध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅसच्या नळाने येणारा गॅस सिलिंडरपेक्षा थोडा हलका, फरक दहा टक्क्यांच्या आसपास. प्रेशर कुकर आणि रात्री भिजवलेली कडधान्ये मात्र कोणत्याही शेगडीवर वाचवतातच.

गच्चीवरचे सौर पॅनल हा शहरातल्या घराच्या हातातला सर्वांत मोठा उपाय. एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते, वर्षाला चौदाशेच्या आसपास, म्हणजे जवळपास एक टन कार्बनची बचत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. बंगल्याला हे सोपे जाते. फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची असते आणि निर्णय सर्वसाधारण सभेत अडतो. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांसाठी किलोवॉटमागे अठरा हजारांचे अनुदान याच योजनेत आहे. कोणाच्याच हिशेबात नसलेले ते सोसायटीचे बिल आधी हाती घेणे सोयीचे, कारण त्यात कोणा एकाचा फायदा हा वादच उरत नाही.

नाशिकच्या इमारतींचा सुरगाण्याशी एक थेट संबंध आहे. भाताची कापणी झाली आणि दिवाळी सरली की सुरगाणा-पेठची कुटुंबे मुलाबाळांसह खाली उतरतात. काही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, काही नाशिकच्या बांधकामांवर. बांधकामाच्या आवारात पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या खोपट्यात मुक्काम असतो. तीन विटांची चूल आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुटके तुकडे हे तिथले इंधन. गावाकडची जोडणी आणि सिलिंडर गावाकडेच राहतात. एक टन सिमेंट बनवताना सहाशे-सातशे किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ती पोती हे मजूर वाहतात, पण तो कार्बन त्या घरात पुढे राहणाऱ्याच्या नावावर मांडायला हवा. कार्बनच्या हिशेबात हे मजूर गावातही मोजले जात नाहीत आणि शहरातही.

सगळ्या देशाचा असा हिशेब क्योटोतल्या एका संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीवरून त्यांनी सहाशेहून जास्त जिल्ह्यांतल्या घरांचा कार्बन काढला. सरासरी माणशी वर्षाला ०.५६ टन आली, गरिबांची ०.१९ टन आणि सुस्थितीतल्यांची १.३२ टन, म्हणजे सुमारे सात पट. कारखाने, शेती, वाहतूक सगळे धरले तर भारताचे माणशी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ आणि अमेरिकेची चौदा. जगापुढे भारताची सरासरी लहान दिसते. पण त्या सरासरीच्या आत एसी, दोन गाड्या आणि तीन बेडरूम असलेले घर नागलीच्या शेतातल्या कुडाच्या घराआड लपते. सर्वांनी सारखीच काटकसर करावी, असे सांगणे म्हणूनच चुकीचे आहे. सुरगाण्याच्या घराला ऊर्जा अजून मिळायची आहे: पुरत्या दाबाची वीज, वर्षभराचा गॅस, मुलांना अभ्यासाला उजेड, नळाला पाणी. महावितरणचे दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात, त्यामागे हेच तत्त्व आहे, आणि ते टिकवायला हवे.

हे मिळाले तर उत्सर्जन किती वाढेल, तेही मोजता येते. तालुक्यात पाच माणसांचे एक अशी सुमारे पस्तीस हजार घरे धरू. प्रत्येक घराने महिन्याला तीस युनिट वीज आणि वर्षाला पाच सिलिंडर जास्त वापरले, तर घरामागे वर्षाला २५२ आणि २१० असे ४६२ किलो वाढतील. सबंध तालुक्याचे सुमारे सोळा हजार टन. २०११ साली नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. चौघांचे एक घर धरले तर तीन लाख सत्तर हजार घरे झाली. आज ती याहून बरीच जास्त आहेत. सोळा हजार टन या घरांत वाटले तर एका घराच्या वाट्याला वर्षाचे त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो येतात, म्हणजे महिन्याला पाच युनिटांहून किंचित जास्त. दोन हजार वॉटचा गिझर रोज पाच मिनिटे आधी बंद केला की तेवढे वाचते. आणि त्या पाच सिलिंडरांमुळे सुरगाण्यात घरामागे वर्षाला एक टनाहून जास्त लाकूड जळायचे थांबेल, त्याची वजावट या हिशेबात अजून धरलेलीच नाही.